पुण्याच्या घड्याळावर हाँगकाँग

कोथरूडच्या आमच्या घरी स्वयंपाकघराच्या दाराच्या चौकटीवर पेन्सिलीच्या बारीक रेघा आहेत. लेकीच्या प्रत्येक वाढदिवसाला तिला चौकटीला पाठ टेकवून उभे करायचे, डोक्यावर पट्टी आडवी धरून रेघ मारायची आणि शेजारी तारीख लिहायची, ही पद्धत सासूबाईंनी सुरू केली. जुलै २०२४मध्ये, तिच्या चौथ्या वाढदिवशी, ती रेघ १०१ सेंटिमीटरवर आली. त्याच आठवड्यात आम्ही हाँगकाँगच्या डिस्नेलँडला जाण्याचे नक्की केले होते, आणि पुढच्या पाच महिन्यांत त्या चौकटीपाशी आम्ही तिला इतक्या वेळा उभे केले की शेवटी तीच विचारू लागली, "आई, आज मोजायचं का?"

मी स्वतः वाढले ती पेशवे पार्कात जाऊन. १९५६पासून धावणारी फुलराणी ही छोटी आगगाडी, सारसबागेतला गणपती आणि नंतरची भेळ एवढ्यावर आमचा रविवार पुरा होत असे आणि त्यात काही उणे आहे असे कधी वाटले नाही. त्यामुळे इतक्या लहान मुलीला परदेशातील थीम पार्कला न्यावे का, हा प्रश्न मी बरेच दिवस मनात घोळवत होते. तिचा जन्म टाळेबंदीतला. पहिली दोन वर्षे घर, गॅलरी आणि सोसायटीचे आवार यांतच गेली, तेव्हा तिला एकदा खूप मोठे जग दाखवावे असे नवऱ्याला वाटे. माझा निर्णय मात्र सासूबाईंमुळे झाला. त्या सदुसष्ट वर्षांच्या आहेत, सासरे गेल्यापासून त्यांचा सारा दिवस नातीभोवती फिरतो, आणि गुडघे साथ देत आहेत तोवर नातीबरोबर एकदा विमानाने लांब जावे अशी त्यांची मनापासून इच्छा होती. त्या दोघींचे एका बाबतीत अगदी जुळते: दोघींनाही दुपारची झोप लागते आणि दोघींनाही जेवणाची वेळ टळलेली सोसत नाही. सहलीची आखणी या दोघींच्या मापाने करायला हवी, हे मला पहिल्या दिवशी उमगले नाही; ते उमगेपर्यंत आमचे दहा हजार रुपये गेले होते.

ठिकाण ठरवणे तुलनेने सोपे गेले. डिस्नेची थीम पार्क जगात सहा ठिकाणी आहेत: कॅलिफोर्नियातले १९५५चे मूळ पार्क, त्यानंतर फ्लॉरिडा, टोकियो, पॅरिस, हाँगकाँग आणि शांघाय. अमेरिका आणि पॅरिस प्रवासाच्या तासांवरच बाद झाले. टोकियोला शेजारी शेजारी दोन पार्क आहेत आणि त्यांचा पसारा मोठा, शांघायसाठी चीनचा व्हिसा काढावा लागतो, आणि सिंगापूरच्या सेंटोसा बेटावरील युनिव्हर्सल स्टुडिओजमधले ज्याच्यासाठी लोक आवर्जून जातात ते बरेचसे मोठ्या मुलांसाठी आहे. हाँगकाँगला मुंबईहून थेट विमान आहे, साधारण सहा तासांचे. भारतीय पासपोर्टधारकांना चौदा दिवसांपर्यंतच्या मुक्कामासाठी व्हिसाऐवजी ऑनलाइन पूर्वनोंदणी पुरते आणि तिला शुल्क नाही. शिवाय २००५मध्ये सुरू झालेले हे पार्क डिस्नेच्या पार्कांमध्ये आकाराने लहान गणले जाते. जाऊन आलेले अनेक जण ही त्याची उणीव म्हणून सांगतात. ज्यांच्याबरोबर साडेचार वर्षांची नात आणि सदुसष्ट वर्षांची आजी आहे, त्यांनी मात्र तीच त्याची मोठी जमेची बाजू मानावी. आमच्या लेकीच्या दृष्टीने कारण एकच होते: नोव्हेंबर २०२३मध्ये तिथे फ्रोझन या चित्रपटावरचा वर्ल्ड ऑफ फ्रोझन हा नवा विभाग उघडला होता आणि तिथे त्या चित्रपटातली एल्सा राहते.

दहा हजारांची गोष्ट सहल आयोजकाकडची. सगळे एका ठिकाणी होईल म्हणून आम्ही एका आयोजकाकडे गेलो, त्याने हाँगकाँग, मकाव आणि शेनझेन अशी पाच रात्रींची सहल पुढे ठेवली आणि "आज आगाऊ रक्कम भरली तर हा दर मिळेल" असे सांगितले; आम्ही भरली. घरी येऊन कार्यक्रमाचा कागद नीट वाचला तेव्हा पाच दिवसांत तीन हॉटेले होती, डिस्नेलँडला एकच दिवस होता, तोही सकाळी साडेआठला बस पकडून जायचे आणि रात्री आतषबाजी संपली की त्याच बसने शहरात परतायचे, असा. मधल्या वेळी मूल झोपले तर काय, हे मी फोन करून विचारले. पलीकडून उत्तर आले, "मॅडम, डिस्नेलँडमध्ये कुठलं मूल झोपतं?" त्या उत्तरावरून मला कळले की हा कार्यक्रम ज्याने आखला त्याने माझ्या मुलीच्या वयाच्या मुलाचा विचारच केलेला नाही. आम्ही ती सहल रद्द केली, आगाऊ रक्कम परत मिळाली नाही, आणि सगळे स्वतः करायचे ठरले.

सर्वांत आधी लेकीचा पासपोर्ट. आम्हा तिघांचे होते, तिचाच काढायचा होता. अल्पवयीन मुलाचा पासपोर्ट पाच वर्षांसाठी मिळतो, त्याचे शुल्क एक हजार रुपये आहे आणि आठ वर्षांखालील मुलांना नव्या पासपोर्टवर दहा टक्के सवलत मिळते, म्हणून आम्ही नऊशे भरले. आई-वडील दोघांच्या सहीचे परिशिष्ट 'ड'मधले घोषणापत्र जोडावे लागते. आई-वडिलांचे पासपोर्ट वैध असतील आणि त्यांवर एकमेकांची नावे असतील तर हे काम सहसा सरळ होते. आमचे अडले ते एका अक्षरावर. जन्म टाळेबंदीत झाला तेव्हा हॉस्पिटलच्या काचेपलीकडून, तोंडाला मास्क लावलेल्या अवस्थेत नवऱ्याने माझे नाव सांगितले होते आणि समोरच्याने ते ऐकून इंग्रजीत उतरवले होते. परिणामी जन्मदाखल्यावर माझ्या नावात एक 'ए' जास्त होता, जो माझ्या पासपोर्टवर नव्हता. चार वर्षे तो दाखला आम्ही फाइलमध्ये ठेवला, शाळेत दिला, पण ते अक्षर कुणाच्या नजरेस पडले नाही. दुरुस्तीसाठी हॉस्पिटलचे पत्र, माझ्या पासपोर्टची प्रत आणि प्रतिज्ञापत्र घेऊन महापालिकेच्या क्षेत्रीय कार्यालयात गेलो आणि नवा दाखला हातात यायला पंधरा दिवस लागले. ज्यांच्या घरी लहान मूल आहे त्यांनी सहलीचा विचार मनात नसला तरी आज संध्याकाळी जन्मदाखला काढून आई-वडिलांच्या नावांची इंग्रजी अक्षरे एक-एक करून पासपोर्टशी ताडून पाहावीत, असे मी आग्रहाने सांगेन.

मुंढव्याच्या पासपोर्ट सेवा केंद्रातला अनुभव मात्र सुखाचा होता. चार वर्षांवरील मुलाचे छायाचित्र तिथेच काढतात. लेकीला खुर्चीत बसवले तर तिची हनुवटीही चौकटीत येईना, तेव्हा तिला खुर्चीवर उभे केले, आणि "हसायचं नाही, पण रडायचंही नाही" एवढी सूचना तिने अगदी गंभीरपणे पाळली. कागद तपासणीच्या टेबलापासून शेवटच्या टेबलापर्यंत ती टोकन स्वतःच्या मुठीत धरून फिरली.

पासपोर्ट छापून येईपर्यंत आम्ही रंगीत तालीम करायचे ठरवले, आणि संपूर्ण नियोजनात याहून उपयोगी दुसरे काही झाले नाही. खोपोलीजवळचे इमॅजिका हे थीम पार्क २०१३पासून सुरू आहे आणि कोथरूडहून द्रुतगती मार्गाने सकाळी निघालो तर दोन तासांच्या आत पोहोचता येते. दसरा झाल्यावर कामाचा एक दिवस रजा काढून आम्ही चौघे तिथे गेलो. मी बरोबर एक लहान वही नेली होती आणि त्यात फक्त वेळा लिहिल्या. साडेदहाला आत शिरलो. हवेत वर-खाली होणाऱ्या हत्तींच्या राइडवर ती लागोपाठ तीनदा बसली आणि तिसऱ्यांदा उतरतानाही तितकीच खुश होती. पहिल्या रांगेत ती वीस मिनिटे छान उभी राहिली, पंचविसाव्या मिनिटाला जमिनीवर बसली. त्यानंतर आम्ही तिला एका अंधाऱ्या राइडमध्ये नेले. उंचीची अट नव्हती, बाहेरचे चित्रही रंगीबेरंगी होते, म्हणून आम्ही फारसा विचार केला नाही. आत पूर्ण अंधार झाला आणि मोठा आवाज आला तशी तिने माझ्या दंडात नखे रुतवली. बाहेर आल्यावर ती रडली नाही, पण पुढचे दोन तास ज्या ज्या दाराला पडदा होता, त्या त्या दारापाशी ती थांबली आणि विचारू लागली, "आत दिवे आहेत का?" दीड वाजता तिचा धीर सुटला. भूक नव्हती, तहान नव्हती. ती केवळ दमली होती. सासूबाई एका बाकावर बसल्या, त्यांनी पदर तिच्या डोळ्यांवर ओढला आणि त्या सगळ्या गोंगाटात ती पन्नास मिनिटे झोपली. उठली ती अगदी ताजी, आणि संध्याकाळपर्यंत पुन्हा तक्रार नाही. नवऱ्याच्या फोनने त्या दिवशी अकरा हजार पावले मोजली; तिच्या लहान पायांनी किती झाली असतील याचा हिशेब मी परतीच्या वाटेवर, ती गाडीत झोपलेली असताना करत होते.

त्या वहीतून आमच्या सहलीचे नियम तयार झाले. एका दमात तीन-चार तासच, मधे खरी झोप, पंचवीस मिनिटांच्या वरची रांग नाही, आणि प्रत्येक राइड आधी घरी व्हिडिओवर पूर्ण पाहून तिने स्वतः होकार दिला तरच. हाँगकाँगच्या एकेका राइडचा व्हिडिओ आम्ही रोज रात्री जेवणानंतर एक असा पाहिला. फ्रिजवर एक कागद लावला, त्यावर ती हव्या असलेल्या राइडचे चित्र काढून शेजारी सूर्य काढी आणि नको असलेल्या राइडशेजारी चंद्र. उडणारे हत्ती, फिरते चहाचे कप, बाहुल्यांच्या देशांतून जाणारी होडी आणि जंगलातील नदीची सफर यांना सूर्य मिळाले. मिस्टिक मॅनर या राइडला उंचीची अट नाही आणि ती फार नावाजलेली आहे. पण तिथे अंधार आहे, म्हणून तिला चंद्र मिळाला आणि आम्ही तो विषय पुन्हा काढला नाही.

उंचीच्या अटी मी वेगळ्या लिहून काढल्या. पॅराशूटच्या राइडला ८१ सेंटिमीटर, फ्रोझनमधल्या घसरगाड्यांच्या छोट्या रोलर कोस्टरला ९५, अंधारात धावणाऱ्या हायपरस्पेस माउंटनला १०२, खाणीतल्या गाडीच्या बिग ग्रिझली माउंटनला ११२ आणि आर. सी. रेसरला १२०. ऑक्टोबरअखेर चौकटीवरची रेघ १०३ला पोहोचली. नवरा आनंदला, "म्हणजे हायपरस्पेसला चालेल की!" माझे मत वेगळे होते आणि ते मी त्याला शांतपणे सांगितले. ती अट पट्ट्याचा आणि आसनाचा हिशेब करून ठरवलेली असते, मुलाच्या मनाचा हिशेब त्यात नसतो. आणि जिने पडदा दिसला की दिव्याची चौकशी केली, तिला एक सेंटिमीटर जास्त भरला म्हणून काळोखात वेगाने धावणाऱ्या गाडीत बसवायचे नाही. त्याने ते मान्य केले, आणि जमलेच तर तो एकटा बसेल असे ठरले.

आता घड्याळाविषयी. हाँगकाँगचे घड्याळ आपल्यापेक्षा अडीच तास पुढे आहे. थीम पार्कविषयी जो तो एकच सल्ला देतो की दार उघडण्याच्या तासभर आधी दाराशी हजर राहा, म्हणजे गर्दीच्या आत दोन-तीन मोठ्या राइड होतात. पार्क दहा-साडेदहाला उघडते, म्हणजे नऊ-साडेनऊला दाराशी, म्हणजे नाश्ता करून निघायचे तर सातला उठायचे. आणि तिथले सात म्हणजे पुण्यातले पहाटेचे साडेचार. आमची लेक सातच्या आधी उठत नाही. तिला साडेचारला उठवून आणलेला दिवस दुपारी बाराच्या आत संपला असता. उलट संध्याकाळची बाजू पाहिली तर रात्री साडेआठच्या सुमारास किल्ल्यासमोर होणारी आतषबाजी म्हणजे पुण्यातले सहा, तिची खेळायला खाली उतरण्याची वेळ! नेहमी लहान मुलांच्या आई-बापांना रात्रीचा कार्यक्रम सोडावा लागतो. पूर्वेकडे जाणाऱ्या पुणेकराला तो आपोआप मिळतो. म्हणून आम्ही तिचे घड्याळ बदलायचेच नाही असे ठरवले. सकाळी तिच्या वेळेला उठायचे, तिथल्या अकराला आत जायचे, तिथल्या साडेतीनला, म्हणजे आपल्या एकला, झोपायला परतायचे आणि सहाला पुन्हा बाहेर पडायचे. मी वहीच्या पानावर दोन रकाने आखले, डावीकडे हाँगकाँगची वेळ आणि उजवीकडे पुण्याची, आणि सगळा दिवस उजव्या रकान्यावरून मांडला.

हे एकदा ठरल्यावर हॉटेलचा प्रश्न आपसूक सुटला. "हॉटेलात फक्त झोपायला तर जायचं, मग शहरात स्वस्तातलं बघू," असे आम्हीही आधी म्हणत होतो. परंतु झोपायला दुपारी जायचे असेल तर शहरातल्या हॉटेलपर्यंतचे जाणे-येणे त्या झोपेचा सगळा वेळ खाऊन टाकते. डिस्नेच्या तिथल्या तीन हॉटेलांपैकी एक्सप्लोरर्स लॉजमध्ये आम्ही तीन रात्री घेतल्या. तिथून पार्कपर्यंत बस आहे. हा खर्च आमच्या अंदाजापेक्षा जास्त होता. तो भरून काढण्यासाठी मकाव पूर्ण वगळले, लांताऊ बेटावरच्या मोठ्या बुद्धमूर्तीपर्यंत जाणारी केबल कारही वगळली आणि शहरासाठी शेवटचा एक दिवस ठेवला, ज्यात बंदरातली स्टार फेरी आणि जुनी दुमजली ट्राम एवढेच होते. पार्कची तिकिटे दोन दिवसांची घेतली. तारखेनुसार दर बदलतो, शनिवार-रविवार महाग असतात, आणि चीनमधील ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्याची सुट्टी व चांद्र नववर्ष या काळात गर्दी फार असते. म्हणून डिसेंबरचा पहिला आठवडा आणि त्यातला बुधवार-गुरुवार निवडला. त्या दिवसांत हवा कोरडी आणि गार असते, वादळांचा मोसमही सरलेला असतो. एक हाँगकाँग डॉलर तेव्हा सुमारे अकरा रुपयांना पडत होता, त्यामुळे पासष्ट वर्षांवरील व्यक्तींना मिळणारे खूप सवलतीचे तिकीट पाहून सासूबाईंना मनापासून बरे वाटले. "माझ्यामुळे खर्च वाढला" हे त्यांचे पालुपद त्या दिवसापासून बंद झाले.

पूर्वनोंदणी करताना प्रत्येकाची वेगळी करावी लागते, बाळाचीही, आणि पासपोर्टवर आहे तसेच अक्षर न् अक्षर भरावे लागते. उत्तर लगेच पडद्यावर येते, ते पांढऱ्या कागदावर छापून बरोबर न्यायचे असते आणि ते सहा महिने चालते. जन्मदाखल्याने शिकवलेले असल्यामुळे नवरा वाचत होता आणि मी टंकत होते, मग आम्ही जागा बदलून पुन्हा एकदा ताडले.

खाण्याची काळजी सासूबाईंनी स्वतःकडे घेतली. दशम्या, मेतकूट, गूळपापडीचा डबा आणि गरम पाणी ओतले की होणारा उपमा त्यांनी घरीच भाजून पिशव्यांत भरला. बाबागाडीवरून मात्र थोडा वाद झाला. आमच्या भागातल्या पदपथांवर बाबागाडी चालत नाही, म्हणून ती आम्ही लेक दोन वर्षांची असतानाच देऊन टाकली होती, आणि "एवढी मोठी मुलगी आता गाडीत बसणार का?" असे सासूबाईंचे म्हणणे होते. मी त्यांना अकरा हजार पावलांची आठवण दिली. पार्कमध्ये ती भाड्याने मिळते; घ्यायची, पण लेकीने मागितली तरच बसवायची, यावर दोघींचे एकमत झाले.

लेकीला तारीख कधी सांगावी यावर मी बराच विचार केला. फार आधी सांगितले तर रोज विचारणार, अगदी आदल्या दिवशी सांगितले तर तिला वाट पाहण्याचा आनंद मिळणार नाही. दिवाळी झाल्यावर सांगितले. सासूबाईंनी त्यांच्या टिकल्यांचे पाकीट तिच्या हातात दिले आणि रोज रात्री कॅलेंडरच्या सरलेल्या तारखेवर एक टिकली लावायची असे ठरले. निघायच्या चार दिवस आधी तिला सर्दी झाली. डॉक्टरांनी तपासून प्रवासाला हरकत नाही असे सांगितले, विमान उतरताना कान दुखू नयेत म्हणून घोट घोट पाणी पाजत राहा म्हणाले, आणि दोन औषधे चिठ्ठीसह बरोबर दिली. तिकिटे रद्द करावी लागतील की काय या काळजीत मी त्या दोन रात्री नीट झोपले नाही. तिसऱ्या दिवशी ती खोकत खोकत टिकली लावायला स्टुलावर चढली, तेव्हा जिवात जीव आला.

सोमवारी दुपारी निघालो. बोरघाटात तिला गाडी लागते, म्हणून जेवण हलके दिले आणि पुढच्या सीटमागे मधोमध बसवून समोर पाहायला लावले. मध्यरात्रीनंतरचे विमान मुद्दाम निवडले होते. दोघी आजी-नाती विमान हलण्याच्या आधीच झोपल्या. मंगळवारी सकाळी उतरलो, विमानतळ आणि डिस्नेलँड एकाच लांताऊ बेटावर असल्याने टॅक्सीने लवकर हॉटेलात पोहोचलो, सामान ठेवले आणि खोली मिळेपर्यंत समुद्राकाठच्या हिरवळीवर बसून राहिलो. "आलोच आहोत तर चक्कर मारू," असे नवऱ्याला वाटत होते. त्या दिवशी पार्कला जायचे नाही हे वहीत लिहिलेले होते आणि ते आम्ही मोडले नाही.

बुधवारी उजव्या रकान्याप्रमाणे सगळे झाले, फक्त तिने बाबागाडी स्वतःहून मागितली ती तासाभरातच. हत्ती, होडी, चहाचे कप. रांगेत "चिमणी उड, कावळा उड" चालले होते, आणि पुढे उभ्या असलेल्या, आमची भाषा न कळणाऱ्या एका मुलाने दोन फेऱ्या पाहून आपलेही बोट मधे ठेवले. साडेतीनला आम्ही परत निघालो तेव्हा समोरून मिरवणूक सुरू होत होती आणि लोक आमच्याकडे आश्चर्याने पाहत होते. खोलीवर सासूबाई म्हणाल्या, "अगं, मी आहे हिच्याजवळ. तुम्ही दोघं जाऊन या ना." आम्ही गेलो, नवरा हायपरस्पेसमध्ये बसून आला, मी बाहेरच्या कट्ट्यावर एकटी कॉफी घेत बसले, चार वर्षांत अशी अर्धी दुपार मला मिळाली नव्हती. रात्री किल्ल्यासमोर आतषबाजी झाली तेव्हा आजूबाजूच्या बाबागाड्यांत मुले झोपलेली होती आणि आमची लेक वडिलांच्या खांद्यावर ताठ बसून प्रत्येक बाण मोजत होती.

गुरुवारी दार उघडल्यावर आधी फ्रोझन. एल्साच्या होडीत ती एक शब्द बोलली नाही, हात मात्र घट्ट धरला होता. घसरगाड्यांच्या कोस्टरवर घरी सूर्य मिळाला होता. तिथे उंची मोजणाऱ्या मुलीने तिला पट्टीशी उभे केले, अंगठा दाखवला, आणि ती वडिलांबरोबर एकदा बसून आली, दुसऱ्यांदा नको म्हणाली. दुपारी हॉटेलकडे निघताना वाटेत हायपरस्पेस माउंटन लागले. बाहेर उंचीची पट्टी होती. आम्ही काही बोलायच्या आत ती धावत तिथे गेली, वळली, टाचा टेकवल्या, घरी करते तशी हनुवटी किंचित वर केली आणि डोळे मिटून उभी राहिली. तिथल्या कर्मचाऱ्याने तिच्या डोक्यावर आडवा तळहात धरला, मान डोलावली आणि आतल्या रांगेकडे हात केला. नवऱ्याने माझ्याकडे पाहिले. मी काहीच म्हटले नाही.

लेकीने डोळे उघडले, वर रेघेकडे पाहिले आणि आजीचा हात धरला. "मोजलं," ती म्हणाली. "आता झोपून येऊ आणि मग हत्ती."